चालत्या प्रोग्रामचा कंपायलर



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचे बरेच विद्यार्थी आज सभागृहात आहेत. सरांचा एक नियम त्यांना नक्की आठवत असेल. प्रोग्राम मशीनवर चढवण्याआधी तो कागदावर चालवून दाखवायचा. प्रत्येक व्हेरिएबलसाठी एक चौकट आखायची, ओळ वाचायची, जुना आकडा खोडायचा, नवा लिहायचा. ‘ड्राय रन’ झाल्याशिवाय लॅबचं दार उघडत नसे. त्या शिस्तीला धरूनच मी आज एका प्रश्नाचा माग काढणार आहे. जावासारख्या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषेत लिहिलेला प्रोग्राम प्रत्यक्षात चालतो कसा? पुण्या-मुंबईतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत हजारो मुलंमुली रोज जावा लिहितात. आपण लिहिलेली ओळ प्रोसेसरपर्यंत पोचते तोवर तिचं काय काय होतं, हे त्यांच्यातल्या फार थोड्यांनी पाहिलेलं असतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषेत, एखादं काम नेमका कोणता कोड करणार हा निर्णय मुद्दाम लांबणीवर टाकलेला असतो. या सवलतीची किंमत वेगात चुकवावी लागणारच, असं बराच काळ मानलं गेलं. ते खरं ठरलं नाही. निर्णय लांबला म्हणून कंपायलरलाही थांबता आलं, आणि प्रोग्राम चालू झाल्यावर आलेल्या कंपायलरला जे दिसतं ते आधीच येऊन गेलेल्या कंपायलरला कधीच दिसत नाही. मात्र चालत्या प्रोग्रामकडे बघून अंदाज बांधायचा, तर अंदाज चुकल्यावर विनाअपघात माघार घेता आली पाहिजे. ही माघार कशी घ्यायची ते शोधून काढणाऱ्या माणसांविषयी मला आज विशेष बोलायचं आहे.

सुरुवात ऑस्लोपासून करावी लागते. नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान दाल आणि क्रिस्टन न्यूगोर या दोघांनी १९६० च्या दशकात सिम्युला ही भाषा घडवली. रांगा, वाहतूक, कारखान्यातली कामं यांची नक्कल संगणकावर उभी करायची, हा त्यांचा हेतू. ‘सिम्युला ६७’ या आवृत्तीत क्लास आला, त्यापासून निघणारा उपक्लास आला, आणि उपक्लासनं स्वतःच्या पद्धतीनं पुन्हा लिहावी अशी ‘व्हर्च्युअल’ प्रोसीजरही आली. आज आपण जी व्यवस्था गृहीत धरतो तिचा सांगाडा तिथे तयार झाला. दोघांना २००१ चं ट्यूरिंग पारितोषिक मिळालं आणि २००२ मध्ये दोघेही गेले.

अडचण कुठे येते ते एका उदाहरणावर बघू. आकृती नावाचा एक क्लास आहे. त्यातून वर्तुळ आणि चौरस हे दोन क्लास निघाले. दोघांकडे क्षेत्रफळ नावाची मेथड आहे, सूत्र मात्र वेगवेगळं. एका यादीत अशा आकृती भरल्या आहेत आणि एक लूप ओळीनं प्रत्येकीला तिचं क्षेत्रफळ विचारून बेरीज करतो आहे. लूपमधली ती ओळ कंपायलरपुढे येते तेव्हा समोर वर्तुळ असणार की चौरस, हे कळायला त्याच्याकडे मार्ग नाही. यादी अजून भरलेलीच नाही. पुढच्या वर्षी कुणी षटकोन नावाचा क्लास लिहील आणि तोही याच यादीत येऊन बसेल. सी भाषेतल्या साध्या फंक्शनचा पत्ता प्रोग्रामचे भाग जोडतानाच पक्का होतो. इथे पत्ता ठरतो तो ऑब्जेक्ट समोर आल्यावर. म्हणूनच षटकोन आला तरी जुन्या लूपला हात लावावा लागत नाही, आणि मोठे प्रोग्राम अनेक हातांनी, अनेक वर्षं वाढवता येतात ते यामुळेच.

यात गमावतो काय? पत्ता शोधायला लागणारा वेळ, हे वरवरचं उत्तर झालं. प्रत्येक क्लासमागे त्याच्या मेथडच्या पत्त्यांचा एक तक्ता ठेवला आणि क्षेत्रफळाचा क्रमांक सगळ्या उपक्लासच्या तक्त्यांत एकच ठेवला, की शोध दोन-तीन सूचनांत संपतो. सी प्लस प्लस तेच करतं. खरं नुकसान वेगळं आहे. चांगला कंपायलर छोटं फंक्शन दिसलं की त्याचा मजकूर हाक मारणाऱ्याच्या मजकुरातच उतरवून घेतो. याला इनलाइनिंग म्हणतात. एकदा मजकूर एकत्र आला की बाकीच्या युक्त्या चालू होतात. तेच गणित दोनदा होत असेल तर एकदा काढता येतं, लूपमध्ये न बदलणारं लूपबाहेर नेता येतं. आयआयटी मुंबईत प्रा. धनंजय ढमढेरे यांनी याच क्षेत्रात, एखादं गणित प्रोग्राम विनाकारण पुन्हा करत असेल तर ते नेमकं कुठे हलवावं यावर, महत्त्वाचं संशोधन केलं. सिस्टिम्स प्रोग्रामिंगवरची त्यांची पुस्तकं आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासली आहेत. पण ही सारी विद्या कंपायलरला पुढचा मजकूर दिसत असेल तरच उपयोगी. हाक कुणाला जाणार हेच ठाऊक नसेल तर तिथे भिंत उभी राहते. आणि ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्राम तर दोन-तीन ओळींच्या मेथडनीच भरलेला असतो, म्हणजे दर दोन पावलांवर भिंत.

आता व्हर्च्युअल मशीनकडे वळू. जे यंत्र धातूत अस्तित्वात नाही त्याच्यासाठी कोड तयार करायचा, आणि प्रत्येक खऱ्या संगणकावर त्या कल्पित यंत्राची नक्कल करणारा एक प्रोग्राम बसवायचा, ही कल्पना ऑब्जेक्टपेक्षा स्वतंत्र आहे. १९७० च्या दशकात झुरिचमध्ये निक्लाउस विर्थ यांच्या गटानं पास्कलसाठी असा ‘पी-कोड’ वापरला आणि त्यामुळे पास्कल नाना तऱ्हेच्या संगणकांवर सहज पोचली. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात, पालो अल्टोच्या झेरॉक्स पार्क प्रयोगशाळेत, ॲलन के यांच्या गटात स्मॉलटॉक आकाराला येत होती. डॅन इंगल्स यांनी ‘स्मॉलटॉक-७६’ साठी बाइटकोडवर चालणारं यंत्र बांधलं. पुढे ‘स्मॉलटॉक-८०’ बाहेरच्या जगाला द्यायची वेळ आली तेव्हा ॲपल, डेक, ह्यूलेट-पॅकार्ड आणि टेक्ट्रॉनिक्स या चार कंपन्यांना आपापल्या संगणकावर ती बसवून बघायला दिली गेली. ॲडेल गोल्डबर्ग आणि डेव्हिड रॉबसन यांच्या १९८३ च्या पुस्तकात त्या यंत्राचं संपूर्ण वर्णन छापलेलं आहे, तेही स्मॉलटॉकमध्येच लिहिलेलं. पार्कच्या स्वतःच्या डोराडो या महागड्या संगणकावर, जिथे बाइटकोड मायक्रोकोडनं चालायचे, स्मॉलटॉक झकास पळायची. साध्या मायक्रोप्रोसेसरवर ती रांगायची.

बाइटकोड म्हणजे काय ते डोळ्यांनी बघू, आणि त्यासाठी जावा घेऊ. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स गॉसलिंग आणि सहकाऱ्यांनी घडवलेली ही भाषा १९९५ साली जाहीर झाली. जावाचा कंपायलर प्रत्येक क्लासची एक वेगळी फाइल तयार करतो. तिचे पहिले चार बाइट नेहमी २०२, २५४, १८६, १९० हेच असतात. ही फाइल आपलीच आहे हे मशीन त्यावरून ओळखतं. पुढे आवृत्ती, आणि त्यानंतर नावांचं कोठार. जावात पहिल्यापासून युनिकोडमधली नावं चालतात, म्हणून मी सांगितलेले क्लास अगदी देवनागरीत लिहिले तरी कंपायलर तक्रार करत नाही. त्या कोठारात ‘वर्तुळ’ हे नाव १८ बाइट घेतं. व, र, त्या र-चा पाय मोडणारी खूण, त, उकार आणि ळ अशा सहा खुणा, प्रत्येकी ३ बाइट.

मेथडचा मजकूर याच फाइलमध्ये असतो. दोन पूर्णांकांची बेरीज करून परत देणारी एक साधी स्टॅटिक मेथड घ्या. तिचा बाइटकोड फक्त चार बाइटांचा होतो. २६, २७, ९६, १७२. सरांच्या पद्धतीनं कागदावर चालवू. मेथडला ५ आणि ७ दिले आहेत. शेजारी एक रिकामी चळत काढा, जिच्यात वरून ठेवायचं आणि वरूनच काढायचं. २६ म्हणजे पहिला पूर्णांक चळतीवर ठेव. चळतीत ५ आला. २७ म्हणजे दुसरा ठेव. आता वर ७, खाली ५. ९६ म्हणजे वरचे दोन काढ, मिळव आणि उत्तर ठेव. चळतीत एकटा १२. आणि १७२ म्हणजे वरचा आकडा घेऊन हाक मारणाऱ्याकडे परत जा. झालं. या यंत्राला रजिस्टर नाहीत, म्हणून कोणत्या प्रोसेसरला किती रजिस्टर आहेत याची पर्वाही नाही. चार बाइटांत मजकूर बसतो आणि तो इंटेलवरही चालतो, एआरएमवरही.

आपल्या लूपमधल्या क्षेत्रफळाच्या हाकेचा बाइट १८२. त्याचं नाव इन्व्होकव्हर्च्युअल. त्याच्यामागे आणखी दोन बाइट असतात, आणि त्यात नावांच्या कोठारातला एक क्रमांक. म्हणजे या टप्प्याला पत्ता कुठेच नाही. ‘आकृती या क्लासची क्षेत्रफळ नावाची मेथड’ एवढी फक्त ओळख लिहिलेली आहे. हाक पहिल्यांदा प्रत्यक्ष घडते तेव्हा मशीन त्या ओळखीवरून तक्त्यातला क्रमांक काढून जपून ठेवतं. मग दर हाकेला चळतीवरचा ऑब्जेक्ट घ्यायचा, त्याच्या मथळ्यातून त्याचा क्लास वाचायचा, क्लासच्या तक्त्यातून पत्ता उचलायचा आणि तिकडे उडी मारायची. निर्णय लांबणीवर टाकलाय असं मघाशी म्हटलं, तो लांबणीवरचा निर्णय हा असा क्लास फाइलच्या बाइटांत दिसतो.

आता गतीचा प्रश्न. इंटरप्रीटर, म्हणजे कल्पित यंत्राची नक्कल करणारा तो प्रोग्राम, एकेक बाइट वाचतो, त्याचा अर्थ लावतो आणि त्या अर्थाच्या तुकड्यावर उडी मारतो. खऱ्या प्रोसेसरला बेरीज ही एक सूचना. इंटरप्रीटरला त्याच बेरजेभोवती कितीतरी सूचना खर्चाव्या लागतात. १९८४ साली पीटर डॉइच आणि ॲलन शिफमन यांनी स्मॉलटॉकसाठी याच्यावर दोन उपाय एकाच निबंधात मांडले. पहिला असा की मेथडला पहिली हाक आली की तिचा बाइटकोड तिथल्या तिथे मशीन कोडमध्ये उतरवायचा आणि पुढच्या वेळी तोच वापरायचा. ‘जस्ट-इन-टाइम’ हे नाव याला पुढे मिळालं.

दुसरा उपाय मला अधिक मोलाचा वाटतो. त्यांनी लक्षपूर्वक पाहिलं की प्रोग्राममध्ये एखाद्या ठरावीक जागेवरून हाक जाते तेव्हा समोरचा ऑब्जेक्ट बहुतेक वेळा मागच्याच वेळच्या क्लासचा असतो. शंभरात सुमारे ९५ वेळा. मग दरवेळी शोध कशाला? हाकेच्या जागेवरच, मशीन कोडच्या आतच, ‘मागच्या वेळी वर्तुळ होतं आणि पत्ता हा होता’ असं लिहून ठेवायचं. आपला नेहमीचा पोस्टमन पाकिटावरचं नाव बघतो आणि पूर्ण पत्ता न वाचता थेट दारात येतो, तसं. नाव जुळलं नाही तरच पत्ता वाचायचा. या युक्तीला इनलाइन कॅश म्हणतात. नंतरच्या सगळ्या प्रगतीचं बीज या निरीक्षणात आहे. भाषा सांगते की समोर काहीही येऊ शकतं, पण चालणारा प्रोग्राम प्रत्यक्षात फार नियमानं वागतो.

या निरीक्षणाला टोकापर्यंत नेलं सेल्फ या भाषेनं. डेव्हिड अंगार आणि रँडल स्मिथ यांनी १९८६ साली पार्कमध्ये तिचा आराखडा केला. मग काम स्टॅनफर्ड विद्यापीठात चाललं आणि पुढे सनच्या प्रयोगशाळेत. सेल्फमध्ये क्लासच नाहीत. एका ऑब्जेक्टची प्रत काढून दुसरा करायचा. व्हेरिएबल वाचणं हीसुद्धा मेथडची हाक, दोन आकड्यांची बेरीज हीसुद्धा हाक, जर-तर हीसुद्धा हाक. सरळ इंटरप्रीटरवर असली भाषा वापरण्याजोगी राहिलीच नसती. पण या गटानं ठरवलं की भाषेच्या साधेपणात तडजोड नाही, ओझं उचलायचं ते कंपायलरनं. क्रेग चेंबर्स यांनी लिहिलेल्या कंपायलरनं काही कसोट्यांवर सी भाषेच्या जवळपास निम्मी गती गाठून दाखवली. क्लास नसले तरी मशीन आतल्या आत एकाच घडणीच्या ऑब्जेक्टचे गट करायचं आणि प्रत्येक गटाला एक नकाशा द्यायचं. म्हणजे प्रोग्रामरला क्लास दिसत नव्हते, पण यंत्राला दिसत होते.

१९९१ मध्ये उर्स होल्झ्ले, चेंबर्स आणि अंगार यांनी इनलाइन कॅश वाढवली. एका जागी एकाऐवजी अनेक क्लासची नोंद राहू लागली. इथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात आली. ही नोंद हाक वेगानं पोचवायला ठेवली होती खरी, पण तिच्यात माहितीचा साठा आहे. प्रोग्राम थोडा वेळ चालला की प्रत्येक जागी कोणकोणते क्लास आले हे मशीनजवळ आयतं लिहिलेलं असतं. कंपायलरला मघाशी जे कळायला मार्ग नव्हता, ते आता समोर आहे! मग सगळं आधीच उत्तम उतरवायची घाई नको. आधी झटपट, ओबडधोबड उतरवायचं, प्रोग्राम चालू द्यायचा, कोणती मेथड वारंवार चालते ते मोजायचं, आणि तेवढ्याच मेथड जमलेल्या नोंदींच्या आधारे पुन्हा नीट घडवायच्या. होल्झ्ले यांचा १९९४ चा स्टॅनफर्डमधला प्रबंध यावरच आहे. आपल्या लूपमध्ये आजवर फक्त वर्तुळंच आली असतील, तर वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं सूत्र लूपमध्येच उतरवता येतं आणि त्याच्या आधी फक्त एक तपासणी ठेवायची, ‘हे वर्तुळच आहे ना?’ भिंत पडली.

पण षटकोन आला तर?

या प्रश्नाचं उत्तर १९९२ साली याच तिघांनी दिलं. गंमत अशी की ते दुसऱ्याच अडचणीवर उपाय शोधत होते. कंपायलरनं मजकूर उलटापालटा केला की प्रोग्रामरला आपली चूक शोधता येत नाही. डीबगरमध्ये बघावं तर मेथडची हाकच गायब, व्हेरिएबल रजिस्टरमध्ये विरघळलेलं. सेल्फच्या गटाचा आग्रह होता की प्रोग्रामरला नेहमी त्यानं लिहिलेलाच प्रोग्राम दिसला पाहिजे. म्हणून त्यांनी चालत्या, घडवलेल्या कोडमधून मूळ स्थितीत परत यायची रीत शोधली. तिला डीऑप्टिमायझेशन म्हणतात.

हे कसं घडतं ते जवळून बघण्यासारखं आहे. लूप पूर्ण वेगात पळतो आहे. आतापर्यंतची बेरीज एका रजिस्टरमध्ये आहे, यादीतला क्रमांक दुसऱ्यात. क्षेत्रफळ या मेथडची स्वतंत्र चौकट अस्तित्वातच नाही, कारण तिचा मजकूर लूपमध्ये मुरला आहे. तेवढ्यात षटकोन येतो आणि तपासणी फसते. कंपायलरनं कोड घडवतानाच अशा प्रत्येक जागेसाठी एक टिपण करून ठेवलेलं असतं. या जागी आपण मूळ बाइटकोडच्या अमुक क्रमांकावर आहोत, अमुक व्हेरिएबल तमुक रजिस्टरमध्ये आहे, चळतीवर हे हे असायला हवं होतं, आणि आत मुरलेल्या मेथडच्या चौकटी इतक्या. मशीन ते टिपण वाचून इंटरप्रीटरच्या चौकटी नव्यानं उभ्या करतं, जणू सुरुवातीपासून इंटरप्रीटरच चालत होता. बेरीज आहे तिथेच, क्रमांक आहे तोच, आणि पुढची पायरी षटकोनासह नेहमीच्या वाटेनं. काहीही हरवत नाही, कुणाला काही जाणवत नाही. माघार इतकी बिनचूक असेल तर कंपायलर धाडसी अंदाज बांधू शकतो. चूक शोधणाऱ्या माणसाच्या सोयीसाठी केलेली व्यवस्था पुढे गतीचा पाया ठरली, आणि संगणकशास्त्राच्या इतिहासातला हा एक फार सुंदर प्रसंग आहे असं मी मनापासून मानतो.

सननं १९९५ च्या सुमारास सेल्फचा प्रकल्प थांबवला. पण माणसं ज्ञान घेऊन पुढे गेली. लार्स बाक, होल्झ्ले, रॉबर्ट ग्रिझमर, गिलाड ब्राखा ही मंडळी ॲनिमॉर्फिक नावाच्या छोट्या कंपनीत स्मॉलटॉकसाठी वेगवान मशीन बांधत होती. सननं १९९७ मध्ये ती कंपनीच विकत घेतली आणि १९९९ साली जावासाठी हॉटस्पॉट हे व्हर्च्युअल मशीन बाजारात आलं. जावा संथ आहे ही तक्रार त्याआधी सगळीकडे होती, आणि तेव्हा ती रास्तही होती. हॉटस्पॉटनंतरही ती अनेक वर्षं तोंडपाठ म्हटली गेली, आपल्याकडच्या वर्गांमध्येसुद्धा. तिचा आधार मात्र संपला होता.

हॉटस्पॉटमध्ये दोन कंपायलर आहेत, एक झटपट आणि एक कसून काम करणारा. कसून काम करणारा पूर्वी साधारण १०,००० हाका मोजून झाल्यावर मेथड हाती घ्यायचा. जावा ८ पासून दोघं पायऱ्यापायऱ्यांनी एकत्र काम करतात. हाकेच्या प्रत्येक जागी हॉटस्पॉट नेहमीच्या मांडणीत दोनच क्लासची नोंद ठेवतं. वर्तुळ आणि चौरस दोघंच येत असतील तर दोन्ही सूत्रं लूपमध्ये उतरतात. तिसऱ्या प्रकारचे ऑब्जेक्ट बरोबरीनं येऊ लागले की साधारणपणे परत तक्त्यातून उडी. म्हणून एखाद्या लूपमध्ये तिसरा क्लास आणला की वेग एकाएकी घसरतो, आणि लिहिणाऱ्याला कारण कळत नाही. याहून धाडसाचाही एक अंदाज आहे. आतापर्यंत मशीनमध्ये आकृतीचा एकच उपक्लास चढवला गेला असेल, तर हॉटस्पॉट तपासणीसुद्धा ठेवत नाही, सूत्र थेट उतरवतं. उद्या षटकोनाची फाइल चढली, तर चढवतानाच मशीन बघतं की या बातमीनं कोणता घडवलेला कोड खोटा पडतो, आणि तो रद्द करतं.

मेमरीची साफसफाई हा या यंत्राचा दुसरा मोठा भाग. त्याला वेगळं व्याख्यान लागेल. एवढंच सांगतो की बहुतेक ऑब्जेक्ट जन्मताच निरुपयोगी होतात हे ओळखून नव्या ऑब्जेक्टची वेगळी, वारंवार झाडली जाणारी जागा ठेवायची पद्धत अंगार यांनीच १९८४ मध्ये स्मॉलटॉकसाठी मांडली होती, आणि जावाची रचना आजही त्याच धर्तीची आहे.

लार्स बाक पुढे डेन्मार्कला परतले आणि ऑर्हूसमध्ये गूगलसाठी त्यांनी व्हीएट हे इंजिन बांधलं, जे २००८ मध्ये क्रोम ब्राउझरसोबत आलं. जावास्क्रिप्टवर सेल्फचा प्रभाव आहे, तिथेही ऑब्जेक्टमागे प्रोटोटाइप असतो. त्यामुळे सेल्फमधले नकाशे, कॅश आणि माघार हे सारं जवळपास जसंच्या तसं लागू पडलं. सेल्फ ही भाषा आज मोजकेच लोक वापरतात, पण तिच्यासाठी घडलेलं तंत्र तुमच्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये आत्ता चालू आहे.

खिशातल्या फोनचंही उदाहरण घ्या. अँड्रॉइडनं सुरुवातीला डाल्विक हे स्वतःचं व्हर्च्युअल मशीन वापरलं. त्याचे कर्ते डॅन बॉर्नस्टाइन यांनी आइसलंडमधल्या एका गावाचं नाव त्याला दिलं. ते चळतीऐवजी रजिस्टरवर चालणारं. २०१४ च्या अँड्रॉइड ५ मध्ये धोरण पालटलं. डाल्विकच्या जागी एआरटी आलं आणि ॲप बसवतानाच संपूर्ण मशीन कोडमध्ये उतरू लागलं. त्या काळात फोनला अपडेट दिला की पडद्यावर एकेक ॲप ऑप्टिमाइझ होत असल्याचा आकडा सरकत राहायचा आणि आपण वाट बघत बसायचो, ते अनेकांना आठवत असेल. वेळ जायचा, जागाही जायची, आणि जो कोड कुणी कधी चालवणारच नाही तोसुद्धा उतरवला जायचा. २०१६ च्या अँड्रॉइड ७ नं मिश्र मार्ग धरला. ॲप लगेच चालू करायचं, काय वारंवार लागतं ते टिपायचं, आणि फोन चार्जिंगला लावून स्वस्थ पडला असताना तेवढंच नीट उतरवायचं. सगळं आधी ठरवायचा मोठा प्रयोग झाला आणि त्यातून अभियंते पुन्हा ‘आधी बघा, मग ठरवा’ याच मुद्द्यावर आले.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती लपवून चालणार नाही. असा प्रोग्राम सुरुवातीची काही सेकंदं, कधी मिनिटं, संथ असतो. कंपायलर, नोंदी आणि टिपणं हे सगळं मेमरी खातं. जो प्रोग्राम क्षणभर चालून संपणार आहे त्याला शिकायला वेळच मिळत नाही, आणि क्लाउडवर आज असे प्रोग्राम भरपूर आहेत. त्यांच्यासाठी ग्रालव्हीएम या जावाच्या संचातली नेटिव्ह इमेज सगळे क्लास आधीच ठाऊक आहेत असं धरून मशीन कोड बनवते, आणि तो निर्णय तिथे योग्यच आहे. आयफोनवर साध्या ॲपला चालता चालता नवा मशीन कोड तयार करू देत नाहीत, कारण लिहिताही येते आणि चालवताही येते अशी मेमरी हल्लेखोराच्या सोयीची. जावानं २०२५ च्या आवृत्तीत मधला मार्ग धरला आहे. एका फेरीत जमलेल्या नोंदी जतन करायच्या आणि पुढच्या फेरीला पहिल्या क्षणापासून वापरायच्या. पायथॉननं २०२२ च्या ३.११ आवृत्तीपासून इंटरप्रीटरमध्येच क्लास बघून बाइटकोड बदलायला सुरुवात केली. म्हणजे जी भाषा मुळातच संथ म्हणून सगळ्यांनी स्वीकारली होती, तीही आता याच वाटेवर आहे.

माझा निष्कर्ष सांगतो. जो सर्व्हर दिवसचे दिवस चालतो, ज्याचा कोड अनेक हातांनी वाढत राहतो, त्याच्यासाठी चालता चालता शिकणारं व्हर्च्युअल मशीन आजही उत्तम आहे. प्रोग्रामरनं गतीच्या भीतीनं मेथड लांबलचक करू नयेत, क्लास टाळू नयेत. छोट्या, स्पष्ट मेथड लिहाव्यात. त्या एकत्र करायचं काम करणारं यंत्र तयार आहे आणि ते आपल्यापेक्षा चांगलं करतं. मात्र ते कसं करतं हे ठाऊक नसेल, तर तिसऱ्या क्लासनं घसरलेली गती बघून आपण भलत्याच ठिकाणी दुरुस्ती करत बसू.

इथे बसलेल्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना माझी एक विनंती आहे. जावाच्या संचासोबत जावा-पी नावाचं साधन फुकट येतं. आपल्या एखाद्या क्लासवर ते चालवा, बाइटकोड वाचा आणि कागदावर चालवून बघा. मग वर्तुळ, चौरस आणि षटकोन यांचा तो लूप खरोखर लिहा. प्रिंट-कंपायलेशन हा पर्याय चालू ठेवून आधी फक्त वर्तुळं द्या, लाखो फेऱ्या होऊ द्या, आणि नंतर षटकोन सोडा. पडद्यावर ‘मेड नॉट एंट्रंट’ अशी ओळ उमटेल. ती ओळ म्हणजे माघार. ती का आली ते तुमच्या वर्गात समजावून सांगा. हॉटस्पॉटचा सोर्स कोड २००६ पासून सगळ्यांसाठी खुला आहे. तो वाचायला कुणाची परवानगी लागत नाही.